पुन्हा मोडायचा घोटा

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिचा थोराड मुलगा बसले होते. आईच्या नखांत पांढरा रंग होता आणि डाव्या चपलेची एकच कड झिजून गेली होती.

"आई, घोटा जुळलाय ना? मग पुन्हा कशाला मोडून घ्यायचा?"

"वाकडा जुळलाय. त्याला जुळलं म्हणत नाहीत."

"चालतेस की."

"चालते, पण शिडी चढता येत नाही. मुकादम मला खाली बसवून खिडक्यांच्या चौकटी रंगवायला देतो. छतं कालची पोरं रंगवतात आणि त्यांचे ओघळ माझ्या डोक्यावर."

"म्हणजे पुन्हा शिडीवरून पडायचंय?"

"शिडीवरून मी जन्मात पडले नाही. तुझ्या बाथरूमच्या गुळगुळीत फरशीवरून पडले. ती फरशी उखडलीस का तू?"

"अगं, डॉक्टर हाड कापणार. कापून सरळ करणार, मग पट्टी, स्क्रू. या वयात कशाला?"

"पोपडे आलेल्या भिंतीवर मी कधी नुसता रंगाचा हात मारलाय? आधी खरवडते, मगच ब्रश उचलते."

"भिंतीला दुखत नाही."

"मला रोज दुखतंय. पहिल्यांदा मोडला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मी सांगून मोडून घेतेय."

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"मावशी, तुमचा नंबर. व्हीलचेअर आणू का?"

"आणा. याला बसवा. मघापासून याचेच पाय लटपटतायत."