ओंडक्याला बांधलेली तार

काय सांगू तुमाला भाऊ, माझं म्हायार आळ्याचं, सपाटीचं, जंगल मी बघितलं ते लगीन होऊन इकडं घोडेगावच्या वरल्या अंगाला आले तवाच. सासूनं शिकवलं, उभ्या झाडाला हात लावायचा न्हाई, पडल्यालं तेवढंच सरपण आनायचं. आन सासरा त्याच पडल्या लाकडाला डुकराची फासकी बांधायचा, तारंचा फास वाटंवर, दुसरं टोक ओंडक्याला. उभ्या झाडाला बांधली का जनावर हिसडा देतं, तार तुटती. ओंडका फरफटत जातो, जनावर दमतं. मालकांनी बी तेच उचललं, डुकरं भुईमूग ठिवत नव्हती ना.

त्या सकाळी गेलो तर ओंडका जागंवर न्हाई. मालक म्हनले, डुक्कर गावलं, आन कोयता घिऊन फरफट बघत म्होरं निघाले, मी मोळीची दोरी घिऊन मागं. तर करवंदीच्या जाळीतनं बिबट्या आला, कमरंला तार. त्यानं मालकांचा उजवा हातच धरला, हाड फुटल्यालं मी ऐकलं भाऊ, वाळकी काटकी मोडावी तसं. मालक खाली, तोंड समदं रगात. ओंडका माझ्या पायापाशी व्हता, तो धरून वढला, जीव खाऊन वढला, तिथंच पडल्या ऐनाच्या खोडाखालनं पलीकडं घातला आन आडवा केला, म्हंजी परत खालनं निसटायचा न्हाई. तार त्याच्या पोटात घुसली तवा त्यानं हात सोडला आन माझ्याकडं फिरला. खोडावरनं उडी घातली पर तार पुरंना, माझ्या म्होरंच आपटला, परत उठला, परत आपटला. मी ओंडक्यावर बसून ऱ्हायले. त्याची आतडी भाईर आली तरी उठले न्हाई. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू, पर उठले असते तर मालक गेले असते.

तो तिथंच मेला. मालकांचा हात डॉक्टरनं कोपरावरनं काढला. केस झाली, अजून चालूच हाय.

आन परवा सरपण उचलाया गेले तर एका ओंडक्याला नवी तार, वरनं प्लास्टिक चढवल्याली. गाठीवर दाताचं वळ. एका हातानं गाठ बसत न्हाई, मालक दोरीचं टोक दातातच धरत्यात, बैलाचं दावं बी तसंच बांधत्यात. मी तार सोडून हिरीत टाकली, ओंडका घरी आनून फोडला, त्याच्यावरच भाकरी भाजल्या. मालकांनी चुलीकडं बघितलं, म्हनले, लाकूड कुठलं? म्हनलं, जेवा. जेवले, डाव्या हातानं. देवानं तेवढा तरी ऱ्हाऊ द्यावा.