अकरा हातांची रिकामी पेटी

नाही हो पंत, नळी-बिळी आमच्या घरात नाही, हवं तर उंबऱ्याच्या आत डोकावून बघा — चूल, उखळ आणि एक रुसलेली शेळी, एवढाच संसार. रविवारीसुद्धा पाठवतात होय तुम्हाला मालधक्क्याचे साहेब? ठाण्याहून आलात म्हणजे उपाशीच निघाला असाल. बसा, त्या बाकावरच बसा, घोंगडी टाकलीय, टोचायचं नाही. कागदावर काय नाव आहे म्हणालात? हां, तेच. आमचे हे. मी नाही तोंडानं घ्यायची, तुम्ही वाचलंत तेवढं पुरे. लोहार आहेत. भाता ओढण्यात यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या कल्याणात नाही, म्हणून तर गोऱ्यांच्या गिरजाघरात त्या ऑर्गनचा भाता ओढायला यांनाच बोलावलं. आताही तिथंच आहेत, ते काय, चिंचेपलीकडे.

तुम्ही पाहिलाय का तो बाजा? नाही? मग शोधताय काय, पंत! विलायतेहून जहाजानं आला, मुंबईहून आगगाडीनं, आणि टेसनापासून गिरजाघरापर्यंत बावीस बैलगाड्या — अक्षर येत नाही मला, पण मोजता येतं. आत मावेना, तर साहेबानं बाजा परत नाही पाठवला, देवाच्या घराची मागची भिंत पाडली. चौदाशे नळ्या! एखादी माझ्या करंगळीएवढी, ती चिमणीसारखी बोलते, एखादी माडाच्या खोडाएवढी. खाली मोठं खोकं, त्यात हे भात्यानं वारा कोंडतात, मेमसाहेब पुढं बसून पट्टी दाबते, की त्या नळीखालचं झाकण उघडतं नि वारा आत शिरतो — एवढंच, जादूटोणा नाही काही. आणि पायांनी वाजवते हो! खाली फळ्या आहेत, त्यांवरून बूट घालून बसल्याबसल्या चालते. मोठ्या नळ्या हातांना भीक घालत नाहीत, त्यांना पायच लागतात. आणि मोठी बोलली ना, की कानाला आधी कळतच नाही, पोटात कळतं. दह्यावर लाटा उठतात. पलीकडची सगुणा आणि तिची सासू, सात महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या — पहिला आवाज आला तशा दोघी एकदम म्हणाल्या, अगं बाई! तेव्हापासून भांडतात, पण बोलून.

पेट्या उघडल्या त्या दिवशी मीही होते, पेंढा गोळा करायला. साहेब दुभाष्याकरवी म्हणाला, भरलेलं ते देवाचं, रिकामं ते तुमचं, जाळायला न्या. मग मी नेलं. ही काय चोरी झाली? अकरा हात लांब देवदाराची पेटी, एका टोकाला उघडी, बुडाशी फट. आत हात घातला, डोकं घातलं, हाक मारली — कोणी नाही, काही नाही, रिकामी! बाकीच्या नळ्या चांदीसारख्या लखलखीत नि गोल, ही आपली चौकोनी, हिला नळी कोण म्हणेल? नाही, म्हणजे — मी जळणाच्या पेटीचं सांगतेय, पंत. ती जाळली. कधीच जाळली. हे लिहू नका. तुमच्या साहेबानं काय सांगितलंय, गोल? हां, मग तुम्ही आपली गोलच शोधा.

पहिल्याच रविवारी काय झालं, मेमसाहेबानं पाय ठेवला नि त्या एका जागी काहीच नाही. जिना उतरताना पायरीच नसावी तसं. सगळे गोरे पुढं कलंडले म्हणे. तिच्या डोळ्यांत पाणी. आणि यांना भात्यामागं काय वाटलं कोण जाणे — पुन्हा ती जागा आली तसा यांनी तोंडानंच हुंकार भरला. आता यांचा आवाज म्हणजे, तुमच्यापासून काय लपवायचं, नुसता रेडा! आमच्या लग्नात हे अंतरपाटाआड खोकले, तर वऱ्हाडाचे बैल दावं तोडून पळाले. भजनात पोपटबुवांनी तीस वर्षं यांना मागं बसवलं — टाळ वाजवा लोहार, पण तोंड उघडू नका, मृदंग उतरतो. तीस वर्षं हा माणूस मिटल्या तोंडानं देवाला भजला हो! आणि इथं एक हुंकार भरला, तर साहेब-मेमसाहेब सगळे उठून उभे राहिले.

मग मी घरचा रांजण दिला. त्यात डोकं घातलं की आवाज कसा गोल येतो. हात भात्यावर, डोकं रांजणात, आणि फळी करकरली की ओळखायचं, पाय आला. अकरा महिने झाले, एकदाही चुकले नाहीत. श्रावणात सर्दी झाली तेवढी. नळी शिंकली, दोनदा. मेमसाहेबानं मुंबईला लिहिलं, मोठ्या नळीत ओल शिरली. कारागीर आला, त्यानं मोजलं, तेराशे नव्व्याण्णव! तो म्हणतो नळी नाहीच, ती म्हणते मी दर रविवारी वाजवते. आणि जी नाही पण वाजते, ती शोधायला तुम्ही. सापडलीच समजा, तर यांनी पुन्हा तोंड मिटायचं? या वयात?

थांबा, थांबा. सुरू झालं. ऐका — चढतेय, चढतेय, आता पाय ठेवेल — हां! आले. हेच. आमचे हे.

का हो, दचकलात का? बाक वाजला? बाक कसा वाजेल... नका उचलू घोंगडी, आत कोंबडी अंड्यांवर बसलीय. अहो, दर रविवारी असंच होतं. तिकडून यांनी हुंकार भरला, की ही इकडून ओ देते, आतल्या आत. पहिल्या रविवारी फोडायला कुऱ्हाड उचलली होती मी हिच्यावर, नि नेमकी तेव्हाच बोलली. मग कुठली जाळतेय.

पंत? पेन्सिल कानामागं खोवलीत? आणि कागदही घडी घालून खिशात?

बरं. बसा मग पुन्हा. अजून एकदा येतो हा आवाज, शेवटच्या ओळीला. पण आता जरा गप्प राहा, मलाही ऐकू द्या.