जाळ वाढव

न्हाई म्हणलं ना एकदा — न्हाई म्हंजे न्हाई. बस तिथं चिपाडाच्या ढिगावर, ऊस खा, रस पी, गुऱ्हाळावर आलेल्याला रसाला कुणी ना म्हणत न्हाई — पर काम मागू नको. चार दिस झालं, रोज तेच. तिसगावावरनं इतक्या लांब कुणी चालत येतं का रं गुळासाठी? तुमच्याकडं बाजरी सोडली तर काय पिकतंय? ऊस बघितलास तो बी जत्रंत, दातानं सोलायला — आन् म्हणतोस, गुळव्या व्हायचंय. ऊस तोडायला न्हाई, चरकावर बैलं हाकायला न्हाई, एकदम गुळव्या! हसू नको. आजवर उकळत्या रसाचं एक तरी आधण उतरवलंयस? न्हाई ना? मग तुझ्या हातात काहील कोण देईल? ह्या एका काहिलीत दोन गाड्या उसाचा रस आटतोय बाबा. कुणीतरी रातंदिस पाटाच्या पाण्यात पाय कुजवून तो ऊस वाढवलाय. घडीभर आधी उतरवलं तर गूळ बसत न्हाई, घडीभर उशीर झाला तर करपतो. अनुभव घेऊन ये, मग बोल — असंच म्हणतात सगळे, व्हय ना? आन् अनुभव कुठनं आणायचा? कुणी आधण दिल्याबिगर अनुभव येतो कसा? — हे मी न्हाई म्हणत. माझा ल्योक म्हणायचा.

थांब जरा. ए बन्सी, मळी काढ, मळी! भेंडीचं पाणी टाकलं की घाण कशी वर येती बघ — आता न्हाई काढली तर गूळ काळा. हां, असं. झारा हळू फिरव.

काय म्हणत हुतो? कानिफ. कानिफनाथ नाव — तुझ्याच बाजूच्या मढीला नवस केला हुता त्याच्या आईनं, तवा झाला. तो ह्या खड्ड्यात बसायचा, चुलाणाच्या तोंडाशी. जाळव्या. नऊ वर्सं चिपाड सारलं त्यानं ह्या तोंडात. तिथनं काहील दिसत न्हाई — बघ की वाकून, दिसती का? निस्ता जाळ दिसतो आन् वरचा आवाज येतो. पर त्याला तेवढ्यावर कळायचं. घरी भाकरी खाताना म्हणायचा, आबा, आज तिसऱ्या आधणाचा आवाज जड हुता, त्या उसाला पाणी जास्ती झालं असंल. आन् तसंच असायचं! त्याला गुळाचं येड हुतं. येड म्हंजे — झोपेत बडबडायचा. मला म्हणायचा, आबा, एक आधण द्या. एकच. मी म्हणायचो, म्होरल्या वर्सी. म्होरल्या वर्सी परत, म्होरल्या वर्सी. का न्हाई दिलं? आता का म्हणून सांगू — बाप हुतो. ल्योक खड्ड्यातनं वर आला की बापानं कुठं बसायचं?

हे हात बघ. बघ बघ, भिऊ नको. गुळव्या काय करतो, गार पाण्यात बोटं बुडवतो, उकळत्या पाकाचा थेंब उचलतो, पाण्यात त्याची गोळी करतो. गोळी बोटाला सांगती — अजून दम धर, का आता उतरव. बत्तीस वर्सं उचलला पाक. कातडं मेलं, गड्या. निखारा धरला तरी समजत न्हाई. केव्हापास्नं? — लई दिस झालं. कानिफ खड्ड्यात हुता तवापास्नं. कुणाला सांगितलं न्हाई. गोळी करायचो, मान हलवायचो, आन् उतरवा म्हणायचो — आन् गूळ सोन्यावाणी पडायचा! मला वाटायचं, बोटं मेली तरी माझा अंदाज जित्ता हाय. मोठा गुळव्या मी. राहुरीपतुर नाव हुतं.

लई उशिरा कळलं मला. तो खाली बसून जाळ ओढून घ्यायचा. आधण होत आलं की गुपचूप चिपाड मागं ओढायचा, मग काहिलीची उकळी बसायची, आन् ती बसलेली बघून मी म्हणायचो, उतरवा. मला खुणेनं सांगत हुता रं तो. एका शब्दानं बोलला न्हाई, एक दिवस सोडला तर. माझी बोटं मेलीत हे त्याला म्हाईत हुतं.

मग त्या दिवशी का बोलला, म्हणतोस? आरं, मळ्याचे मालक आप्पासाहेब आलेले, संगं त्यांचे चार सोयरे, गुऱ्हाळ दावायला आणलेले. मी त्यांच्याशी बोलण्यात. हातात गोळी धरून गुळाच्या गोष्टी सांगतोय. खाली त्यानं जाळ ओढला — माझं ध्यानच न्हाई. तवा तो खड्ड्यातनं वर आला, घामानं निथळत, आन् म्हणाला, आबा, उतरवा. हळूच म्हणाला. पर सोयऱ्यातला एक हसला. म्हणाला, इथला गुळव्या कोण हाय, वरचा का खालचा?

मला तो हसणारा दिसला, गड्या. माझा ल्योक न्हाई दिसला. मी वरडलो — तुला काय कळतंय, जाळ वाढव! तो उभा ऱ्हायला. परत वरडलो — जाळ वाढव म्हणतो ना! मग तो खाली उतरला आन् वाढवला त्यानं जाळ. बापानं सांगितलं, वाढवला.

करपलं. अख्खं आधण करपलं. वास पार पाटाच्या पलीकडं गेला. आप्पासाहेबांनी मला विचारलं, असं कसं झालं? आन् मी — आता बघ, मी खोटं बोललो न्हाई. एक अक्षर खोटं न्हाई. म्हणलं, ह्यानं जाळ वाढवला. खरंच हुतं की ते. तो खड्ड्यातनं माझ्याकडं बघत हुता. मी म्हणलं, ह्यानं जाळ वाढवला, आन् त्यानं मान खाली घातली, जशी त्याचीच चूक हाय.

मग काय? आधण जाळलेला जाळव्या म्हणून नाव झालं. पाटाच्या कडंनं जेवढी गुऱ्हाळं हायत तेवढी तो फिरला, गुळवेपण सोड, चुलाणापाशी बी कुणी बसू देईना. लढाई चालू हुती. नगरला भरती हुती. तिथं अनुभव विचारत न्हाईत, गड्या. छाती मोजतात, दात बघतात आन् अंगठा घेतात.

एक पत्र आलं. मार्तंड मास्तरांनी वाचून दाखवलं. लिहिलं हुतं — मला काय येतं म्हणून सायबानं पुसलं, म्या सांगितलं, जाळ येतो. तवा मला सैपाकाच्या चुलीवर घातलंय. इथं च्यात साखर घालतात, गुळाची लई आठवण येती. आबा, झोपताना बोटांना लोणी लावत जा. — बोटांना! मास्तरांना काय कळलं न्हाई. म्हणाले, लई माया हाय हो पोराची. दुसऱ्या खेपेला पत्र न्हाई आलं, तार आली. ब्रह्मदेशातनं. त्या दिवशी बी आधण चालू हुतं.

हे मी कुणाला बोललो न्हाई. त्याच्या आईला सुदिक. मरताना ती म्हणाली, आपल्या पोरानं एक आधण जाळलं तर लोकांनी केवढं केलं — आन् मी मान हलवली. तू परका, तुला कसं सांगून बसलो? कुणाला बोलू नको — न्हाई, बोल. बोल, मी म्हणतो. आप्पासाहेबांना जाऊन सांग.

आता मी पाकाच्या रंगावर चालवतो. धुरानं डोळं भरतात, धा आधणांतली दोन बिघडतात, वयाकडं बघून कुणी बोलत न्हाई. ही बघ गोळी. मऊ हाय का कडक, मला काय बी कळत न्हाई — तू का उठलास? बस ना. बस खाली. चार दिस बघतोय मी तुला. मी उतरवा म्हणायच्या आधी तू उठून उभा ऱ्हातोस. दर आधणाला. मला काय दिसत न्हाई असं वाटलं व्हय? आन् बोलत न्हाईस. त्याच्यावाणीच बोलत न्हाईस. बोल की तोंडानं. मोठ्यानं बोल, सगळ्यांम्होरं बोल —

ए बन्सी, काहिलीला दांडं घाला! उतरवा! उतरवा म्हणतो ना, जाळ नका वाढवू, कुणी जाळ वाढवू नका!

पडला पाक गार व्हायच्या वाफ्यात? कसा हाय रंग? — न्हाई, मला नको दाखवू. ठेव तिकडंच.

उद्या उजाडता ये. ह्या काहिलीपाशी उभा ऱ्हा तू, मी खाली बसंन जाळाला. आप्पासाहेबांना मी सांगंन. पर आता जा. आता माझ्या म्होरं उभा ऱ्हाऊ नको, गड्या. जा म्हणतो ना. जा.