बसच्या आधी गेलेलं मत

अगं, आमच्या सासूबाईंना सभेला नेलं, की त्या काय विचारतील याचा नेम नाही! त्या ब्रिस्टलला कायमच्या आल्या, आता त्यांचं मतही इथेच आहे. परवा कम्युनिटी हॉलमध्ये एक उमेदवार घसा फोडून सांगत होता, "मतदानाच्या दिवसाची वाट बघू नका, पोस्टाने आजच मत पाठवा!" टाळ्या पडल्या. मग म्हणाला, "हॉस्पिटलला जाणारी बंद पडलेली बस मी परत सुरू करीन."

ती सासूबाईंची बस. त्या एकदम ताठ बसल्या आणि प्रश्नांची वेळ आल्याबरोबर उभ्या राहिल्या. अगदी खणखणीत इंग्रजीत विचारलं, "पोस्टात टाकलेलं मत परत मिळतं का?"

"नाही. का हो?"

"गेल्या आठवड्यात तुमचं पत्रक आलं. त्यावर 'लवकर मत द्या' एवढंच होतं. मी त्याच दिवशी देऊन टाकलं."

तो खूश. "थँक यू सो मच!"

"थँक यू कसलं? बसचं त्यात लिहिलं असतंत, तर तुम्हाला दिलं असतं."