नऊ तास लांबची कोठडी

अगं थांब, पांढरा शर्ट घालून आत सोडत नाहीत — आत कैद्यांचे कपडे पांढरे! हा माझा निळा चढव वरून, गाडीत चार ठेवलेत, दर शनिवारी कुणीतरी नवी चुकतेच. नवरा ना तुझा? कुठल्या इमारतीत? — तीन नंबर. म्हणजे बिनएसीची. टेक्सासचा ऑगस्ट, आणि आत एवढुसा पंखा, तोही गरम हवाच फिरवतो. लेकराला एकशे चार ताप आला तर आपण रात्रभर ओल्या पट्ट्या बदलतो, आणि इथं भिंतीच एकशे आठवर! कैदी संडासातलं पाणी फरशीवर ओतून उघडे पडतात त्यात. नाक काय मुरडतेस? तूही पडली असतीस.

गोळ्या घेतो का तो, डोक्याच्या? — लाजतेस काय, माझा लेकही घ्यायचा. त्या गोळ्यांनी घाम येत नाही गं, अंग तापतच जातं, म्हणून तसल्यांना एसीच्या तुरुंगात जागा देतात. मिळाली? देवा, मग रडतेस का? — लांब आहे. किती? नऊ तास. आणि तू आज सांगणार, बदलीच्या कागदावर सही करू नकोस, पोरांना बाप दिसायचा नाही. हो ना?

माझा कॉर्डेल तिकडेच होता की. थंड खोलीत — पत्रात लिहायचा, मा, रात्री पांघरूण लागतं. आणि मी? मी अर्जांवर अर्ज केले, पाद्रीबाबांची चिठ्ठी जोडली — पोराला जवळ आणा, म्हातारीला प्रवास झेपत नाही. तो नको म्हणत होता. मी फोनवर रडले, तेव्हा केली त्यानं थंड जागा सोडल्याची सही. आणला त्याला इथं, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. किती शनिवार भेटले सांगू? सहा. सातव्या शनिवारी मी दारात उभी, आणि साहेब म्हणाले, बाई, जरा बाजूला या. अंग एकशे नऊवर होतं म्हणे. माझ्या रडण्यानं गेला गं तो, उन्हानं नाही.

नाही, मला आत नाही जायचं. कुणाकडे जाऊ? नुसती येते.

त्याला सही करायला लाव. रड, भांड, काय वाटेल ते कर, पण लाव. लांब असेल — पण असेल.

पुकारलं बघ तुझं नाव. माझ्याकडे काय बघतेस? जा.