पाळकीणबाईंचा ब्लाऊज

हात जरा वर करा, साळूबाई — हां, असंच — आन् हलू नका, टाचणी टोचंल. आता तुमी इचारलंच म्हणून सांगते, तुमच्या चर्चच्या पाळकीणबाईंचा ब्लाऊज न्हाई झाला. मशिनचा पट्टा तुटलाय. मी तरी काय करू? उद्या रविवार, उपासना झाली की तुमच्या महिला मंडळाचा फोटो, सगळ्यांचे ब्लाऊज निळे, समदं ठाऊक हाय मला — माझीच पोरगी काढणार न्हाई का फोटो, त्या चर्चच्या वेबसाइटसाठी — पण पट्टा तुटल्यावर शिवायचं कसं? त्यांना म्हणावं जुना घाला एखादा. त्यांना काय, कायबी शोभतं. आमची हीना तर म्हणतीच तसं. — ही बाही सैल झाली बगा. पडद्यामागं जाऊन द्या काढून, एक टीप मारते.

तुमाला म्हणून सांगते, हीनाला तुमच्या चर्चात म्याच धाडली. कॉलेजात सांगितलं, इंटर्नशिप करा, कुणाचं तरी खरंखुरं काम करून दाखवा, त्याबिगर शेवटच्या वर्षाचे मार्क न्हाईत. रोज पुण्याला जायचं तर हिचे अब्बा नको म्हणत्यात — सोता टेम्पो घेऊन कुठंबी फिरणार, पोरीनं मात्र भोर सोडायचं न्हाई — मग बसली रुसून. तवा ह्याच खुर्चीत पाळकीणबाई बसल्या हुत्या. म्या म्हणलं, बाई, तुमच्या चर्चाला लागत न्हाई का हो वेबसाइट? व्हय, म्या! ह्या तोंडानं! आता दोष कुणाला देऊ? त्या म्हणल्या, पाठवा की, आमची माणसं विंझर, वेल्हे, नसरापूर अशी पांगलेली, सगळी एका जागी दिसतील तरी. गेली मग. आन् गेली ती गेलीच.

काय काय ऐकून घेऊ? अम्मी, पाळकीणबाई किती शांत बोलतात गं. अम्मी, पाळकीणबाई चहात गवती चहा टाकतात. अगं, गवती चहा आपल्या मोरीमागं हाय, तुझ्या जन्माच्या आधीपास्नं — पण न्हाई, त्यांच्यातलाच गोड. पिकतं तिथं इकत न्हाई म्हणत्यात ते काय खोटं न्हाई. आन् त्या वेबसाइटवर म्हाताऱ्या माणसांचं एक पान हाय म्हणं, त्यासाठी एकेकीसमोर मोबाईल धरून बसती. तुमच्यासमोर बसली हुती न्हवं? घरी आल्या आल्या समदं सांगितलं मला. विंझरातनं नाताळला बैलगाडीनं यायचा तुमी, आन् तुमची आजी वाटभर गायची. सगुणाबाई नाव आजीचं, बरोबर? बगा, मलासुदीक पाठ झालं! आता हिला तिच्या नानीचं नाव इचारा. माझ्या आईचं. नानी म्हणंल. नानीला नाव असतंय, हे तिच्या डोक्यातच न्हाई.

जळते का? व्हय, जळते. खोटं कशाला बोलू? त्या बाईनं माझं काय घेतलं न्हाई, उलट पोरीला पोटभर जेवू घालती — तेच सलतंय. घरी येती ती पोट भरून, आन् बोलणंबी समदं तिकडचंच. मला काय इचारती? अम्मी, चार्जर कुठं हाय — बास.

काय बगताय मशिनकडं? — चालली? चालली बाई. कवाकवा चालती. — बरं, न्हाई तुटला पट्टा. झालं समाधान? ब्लाऊज कपाटात हाय परवापास्नं, हुका लावून, इस्तरी करून. अंगाला असा बसंल की बास, कुणाचं कापड म्या बिघडवत न्हाई. फकस्त द्यायचा न्हाई. फोटोत समद्या निळ्या, आन् मधी त्या एकट्याच येगळ्या — मग बगू हीना काय म्हणती. काय म्हणंल? म्हणंल, अम्मी, पाळकीणबाई कशा उठून दिसतात गं! — व्हय की. हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

साळूबाई, एक करता? हसायचं न्हाई पण. तिनं तुमाला जे इचारलं ना, ते मला इचारा. तसंच, एकापाठी एक. ही खडूची डबी धरा हातात, मोबाईल समजून. धरा हो. हां. — नाव खुर्शिदा नजीर शेख. माहेर कामथडी. आईचं नाव जैनब. जैनबबी. सांगितलं बगा, कुणीतरी घेतलं नाव. — शिवण आईनंच शिकवलं. आमचं घर हायवेच्या कडंला, आई म्हणायची सुईकडं बग, गाड्या बगू नको. मी गाड्याच बगायची. मला ड्रायव्हर व्हायचं हुतं, साळूबाई! तोंड काय वाकडं करताय? हिच्या अब्बांनाबी ठाऊक न्हाई हे. टेम्पोवाल्याचं स्थळ आलं तवा मी लई खूश, म्हणलं, ह्यो शिकवंल. बाजूला बसवलं, तेबी माहेरी जाताना. — पुढचा इचारा. ह्योच शेवटचा? काय? — तुमची गोष्ट कुणाला सांगावीशी वाटते?

असं इचारती व्हय ती तुमाला.

समोर बसून, असं इचारती.

— आली बगा. गप. काय बोलायचं न्हाई तुमी.

काय गं हीना? ये की आत, पंखा लावते. आं? मला इचारायचंय? इचार की, बस तर आधी, साळूबाई काय परक्या न्हाईत, काय पायजे ते इचार —

व्हय. झालाय त्यांचा ब्लाऊज. कपाटात, वरच्या कप्प्यात. इस्तरी केलाय, चुरगाळू नको. आजून काय इचारायचं न्हाई? न्हाई, आपलं सहज. साळूबाई कुठं काय म्हणत्यात? त्या निघाल्यात. पाळकीणबाई वाट बगत असतील तिकडं, तू जा. सावकाश जा.

गेली.

तुमची बाही झाली, साळूबाई. घ्या, आन् निघा आता, मला दुकान बंद करायचंय. ती डबी ठिवा हितं. नुसता खडू हाय त्यात.