नवरंगबाई

रामकुंडावर मी माझ्या बायकोच्या पिंडापाशी बसलो होतो. शेजारच्या पिंडालाही कावळा शिवत नव्हता, आणि तिथली मुलगी बापावर चिडली होती.

"डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशीही आई हेच म्हणाली, पेठच्या जंगलात मी नवरंग पाहिला."

"खंड्या होता तो."

"तुम्ही ट्रॅक्स गाडीत घोरत होतात, बाबा!"

"चिमणीएवढा पक्षी, एवढ्या झाडीत हिलाच बरा दिसला?"

"चारचौघांत नवरंगबाई म्हणून चिडवलंत तिला. आता तरी म्हणा, दिसला होता."

"तिच्या नावानं साडी देईन म्हटलं ना आत्ता? लोक बघतायत, भाग्यश्री."

"साडी कोणाला हवीय? म्हणा!"

बाप कठड्यावरच्या कावळ्याकडे बघत राहिला.

"खंड्याच होता."

दोन्ही पिंडांना कावळा अजून शिवलेला नव्हता.